उलट्या वाटेची सायकल

जे संकट डोळ्यांसमोर आहे त्यापासून स्वतःला वाचवता येते आणि जे पाठीमागून येते त्यापुढे इलाज चालत नाही, ही समजूत फार पुरातन आहे आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात किंवा मुंबईच्या उपनगरांत पहाटे दुधाच्या पिशव्या पोचवणारा मुलगा, बांधकामावर निघालेला गवंडी, रात्रपाळी संपवून घरी परतणारा रखवालदार किंवा शिकवणीला निघालेली शाळकरी मुलगी, यांपैकी कोणी रस्त्याच्या उजव्या कडेने, रहदारीच्या लोंढ्याला तोंड देत सायकल चालवताना आढळले आणि त्यांना कारण विचारले, तर बहुधा हेच उत्तर मिळते, की समोरून येणारी गाडी निदान दिसते तरी, मागून येणारी कधी उडवील याचा नेम नाही. या उत्तरात बेफिकिरी नसते, भय असते. आणि भयातून निपजलेल्या आचरणाला नुसते दटावून किंवा दंड करून आळा बसत नाही, त्या भयाचीच नीट शहानिशा करावी लागते.

या भयाच्या जोडीला आणखी एक कारण असते, ते श्रमाचे. गेल्या काही दशकांत आपल्या शहरांनी रस्ते रुंद केले, मध्ये दुभाजक घातले, उड्डाणपूल उभारले, पेठांतील रस्ते एकेरी केले. आणि हे सारे प्रायः मोटारीच्या सोयीचा हिशेब धरून केले. समोरच्या बाजूच्या दुकानात जायचे असेल तर पुढच्या चौकापर्यंत जावे, तेथून वळावे आणि तितकेच अंतर मागे यावे, असा जो वळसा यामुळे पदरी पडतो तो मोटारीचा चालक पावलाच्या किंचित दाबाने पार करतो. सायकलवाल्याला मात्र तोच वळसा उन्हातान्हात, चढावर, स्वतःच्या मांड्यांच्या बळावर काढावा लागतो. दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाने शंभर पावलांच्या उलट्या वाटेऐवजी अर्ध्या कोसाची सुलट वाट पत्करावी, अशी अपेक्षा करणाऱ्याने आपण त्याच्याकडून काय मागत आहोत याचा आधी विचार केला पाहिजे.

तथापि ही दोन्ही कारणे पुरती समजून घेतल्यावरही मला निःसंदिग्धपणे म्हणावेसे वाटते, की उलट्या दिशेने सायकल चालवल्याने धोका कमी होत नाही, तो वाढतो. आणि त्याची वाढ सायकलस्वाराच्या धैर्यावर किंवा कौशल्यावर अवलंबून नसून साध्या गणितावर अवलंबून आहे.

समजा, सायकल ताशी १५ किलोमीटरच्या बेताने चालली आहे आणि मोटार ताशी ४० किलोमीटरच्या. दोघे एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलीला गाठते ती ताशी २५ किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने. समोरासमोर असतील तर तोच वेग ५५ होतो. ५० मीटरांवरून एकमेकांची चाहूल लागली असे धरले, तर पहिल्या स्थितीत हातात सुमारे ७ सेकंद असतात आणि दुसऱ्या स्थितीत तीनहून किंचित अधिक. त्यातही मनुष्याचे मन सावध होऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद निघून जातो. टक्कर झालीच तर आघातातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५५ चा आघात २५ च्या आघाताच्या जवळजवळ पाचपट होतो. याहूनही महत्त्वाची, पण सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी, की एकाच दिशेने जाताना पुढे मोकळी जागा नसेल तर मोटारीचा चालक आपला वेग सायकलीइतका कमी करू शकतो आणि मग दोहोंमधील अंतर कितीही वेळ तसेच राहते, म्हणजे टक्कर नुसती पुढे ढकलली जात नाही, ती टळते. परंतु समोरासमोर असताना मोटार पूर्ण थांबली तरी सायकल पुढे येतच असते, आणि दोघांपैकी एकाने मार्ग सोडल्यावाचून प्रश्न सुटत नाही. तो मार्ग सोडण्याचे काम प्रत्येक वेळी, प्रत्येक गाडीसमोर, दुबळ्यालाच करावे लागते.

पण सरळ रस्त्यावरचे हे गणित चौकातल्या धोक्यापुढे गौण आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे गल्लीतून मुख्य रस्त्यावर येऊन डावीकडे वळू पाहणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण गाड्या येतात त्या उजवीकडूनच. उजवी बाजू मोकळी दिसताच तो गाडी काढतो, आणि त्याच क्षणी डावीकडून, जेथे त्याच्या दृष्टीने कोणी असण्याचे प्रयोजनच नाही तेथून, उलटी येणारी सायकल त्याच्या गाडीच्या तोंडाशी येते. चालक बेपर्वा असतो असे नाही. तो वर्षानुवर्षांच्या सवयीने जेथे पाहायचे तेथेच पाहत असतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे संशोधकांनी चालकांच्या नजरेचा असाच अभ्यास करून १९९६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे रहदारी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे सारे आरशातल्यासारखे उलट. उजवीकडे वळणारे चालक डावीकडून येणाऱ्या मोटारींवर लक्ष खिळवून ठेवीत आणि उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वाराकडे त्यांची दृष्टी वळतच नसे, असे आढळले. तत्पूर्वी १९९४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या गावच्या चौकांतील अपघातांची छाननी वॉचेल आणि लुइस्टन या दोघांनी प्रसिद्ध केली होती, आणि तिच्यातून रहदारीच्या उलट दिशेने जाणाऱ्या सायकलस्वाराला असलेला धोका सरासरीने ३.६ पट निघाला होता. ही गावे आपली नव्हेत आणि तेथील आकडे जसेच्या तसे आपल्या माथी मारता येणार नाहीत. पण माणसाची नजर सवयीच्या वाटेने जाते, हे पुण्यातल्या चौकात तितकेच खरे आहे.

म्हणजे ज्या समजुतीपासून आपण आरंभ केला तिच्यात उणीव कोठे आहे, ते आता स्पष्ट होते. मला धोका दिसतो, एवढ्याने मी सुरक्षित होत नाही. धोका ज्याच्या हाती आहे त्याला मी दिसलो पाहिजे, आणि मी तेथे असणार हे त्याने आधीच गृहीत धरलेले असले पाहिजे. रस्त्यावरील सुरक्षितता ही मुख्यत्वे परस्परांच्या अपेक्षेवर उभी असते. बाजू कोणती, डावी की उजवी, याला मूलतः काही पावित्र्य नाही. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशातील रहदारी डावीकडून उजवीकडे नेली, पण त्याच राजवटीखालच्या गोव्याला मात्र डावीच बाजू ठेवू दिली, कारण सभोवतालच्या ब्रिटिश हद्दीत सारे डावीकडून चालत असताना सीमेवर बाजू बदलणे म्हणजे अनर्थाला आमंत्रण होते. राज्यकर्त्यांनी एकरूपतेचा हट्ट सोडला तो शेजाऱ्याच्या अपेक्षेला मान देऊन, आणि रस्त्याच्या कायद्याचे सारे मर्म त्यात आहे.

उलट्या सायकलीचा उपद्रव तिच्या स्वाराशी संपत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पादचारी फुटपाथवरून खाली उतरताना वाहने ज्या बाजूने येतात तिकडे पाहतो; एकेरी रस्ता ओलांडणारी वृद्ध बाई एकाच दिशेला मान वळवते; तिला उलट बाजूने येऊन धडकणारी सायकल हलकी असली तरी त्या वयात मांडीचे हाड मोडण्यास तेवढे पुरते. सिग्नलचे दिवे आणि सूचनाफलक सुलट येणाऱ्याकडे तोंड करून लावलेले असल्यामुळे उलट्या स्वाराला त्यांची पाठच दिसते, आणि दिवा लाल झाला की हिरवा, हे त्याला इतरांच्या हालचालींवरून ताडावे लागते. आणि सर्वांत अन्यायाची गोष्ट ही, की डाव्या कडेने नियमाने येणारा दुसरा सायकलवाला जेव्हा या उलट्या सायकलीसमोर येतो, तेव्हा दोघांपैकी एकाला कड सोडून भर रहदारीत शिरावे लागते. बहुतेक वेळा तो शिरतो जो नियमाने आला होता, आणि त्याच्या पाठीमागून काय येत आहे हे त्याला दिसत नसते. स्वतःच्या पाठीमागचे भय टाळण्यासाठी आपण ते दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर टाकतो, हे उलट्या स्वाराच्या मनातही आलेले नसते.

कोणी म्हणेल, की ज्या रस्त्याला फुटपाथ नाही तेथे पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे असे जाणते लोक सांगतात, मग सायकलवाल्याला निराळा न्याय का? भेद वेगाचा आहे. पायी चालणारा ताशी पाचेक किलोमीटरने जातो, एका पावलात थांबतो आणि दुसऱ्या पावलात रस्त्याबाहेर होतो. सायकलीला बाजूला पाऊल टाकता येत नाही, तिला वळायला पुढे जावे लागते. पाठीमागून उडवले जाण्याचे भय मात्र, विशेषतः महामार्गावर आणि रात्री, मी काल्पनिक म्हणणार नाही. अंधारात दिव्यावाचून चाललेली सायकल ट्रकचालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पण त्यावरचा उपाय बाजू बदलणे हा नव्हे. कारण उजव्या कडेनेही ती तितकीच अदृश्य असते आणि वर दुप्पट वेगाने जवळ येते. उपाय म्हणजे मागे लाल दिवा, चमकपट्टी आणि अंगावर उजळ कपडा. ज्या काळी पुण्याच्या रस्त्यांवर सायकलींचे राज्य होते, नगरपालिका दरसाल कर घेऊन सायकलीला बिल्ला देई, आणि दिव्यावाचून चाललेल्या किंवा डबलसीट बसलेल्या स्वाराला चौकातला पोलीस उतरवून ठेवी, त्या काळची ती दिव्याची सक्ती अनेकांना जाचक वाटली असेल. पण ती उगाच नव्हती, आणि ती लयाला गेली याचा मला खेद आहे.

आता कायद्याकडे वळू. येथे सर्वसाधारण वाचकाच्या मनात बराच गोंधळ असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या नावातच त्याची हद्द सांगितलेली आहे: यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन ते मोटार वाहन, आणि पायांनी चालणारी सायकल त्यात येत नाही. त्या अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने रहदारीच्या विहित दिशेविरुद्ध वाहन चालवणे हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे घातले गेले, आणि पहिल्या कसुरालाच सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी जबर शिक्षा ठरली. पण ती मोटारीला व मोटारसायकलीला, सायकलीला नव्हे. यावरून पुष्कळांनी असे अनुमान काढले आहे, की सायकलीला कायदाच लागू नाही. हे अनुमान चुकीचे आहे.

सायकल हे वाहन आहे की नाही, हा वाद न्यायासनासमोर येऊन गेल्यालाही आता शतकाहून अधिक काळ लोटला. इंग्लंडात १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात, बेफाम गाडी हाकण्याविषयीच्या जुन्या कायद्यातील ‘गाडी’ या संज्ञेत सायकलही येते असा निर्णय झाला, आणि १८८८ साली तेथील पार्लमेंटने तेच तत्त्व कायद्यात लिहून टाकले. आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, ‘वाहन’ या शब्दाची जी व्याख्या केली तिच्यात सायकलीचा नावानिशी समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ३३ अन्वये पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करण्यासाठी नियम व हुकूम काढता येतात, आणि त्यात सायकलस्वारांचा स्वतंत्र निर्देश आहे. कलम ९९ तर याहून सरळ आहे: खरीखुरी निकड किंवा पुरेसे कारण असल्यावाचून रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याने डावी बाजू सोडता कामा नये. शिवाय बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवून मनुष्यजीवित धोक्यात आणण्याचा जो गुन्हा पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम २७९ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे, तोही केवळ मोटारीपुरता नाही. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्षात सायकलवाल्यावर असे खटले क्वचितच भरले जातात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. गवंड्याला न्यायालयाची पायरी चढवून रस्ता सुरक्षित होत नाही.

तथापि कायद्याचा एक फटका असा आहे की जो पोलिसाने काही न करताही बसतो, आणि तोच मला सर्वांत क्रूर वाटतो. सायकलस्वार मोटारीखाली सापडला, तर तो किंवा त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करू शकतात. पण अपघाताला मृताचा किंवा जखमीचा स्वतःचा निष्काळजीपणाही अंशतः कारण झाला असे ठरले, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. सायकल उलट्या बाजूने येत होती हे पंचनाम्यात नोंदले गेले, की विमा कंपनीचा वकील तोच मुद्दा पुढे करणार, हे उघड आहे. कर्ता पुरुष गेलेल्या घराला मिळणाऱ्या रकमेतला एक हिस्सा, वाचवलेल्या शंभर पावलांच्या मोबदल्यात, असा कापला जाऊ शकतो. सायकल वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

इथवर वाचून, उलट्या दिशेने सायकल चालवणे हे सर्वकाळ व सर्वत्र निषिद्धच असले पाहिजे असा ग्रह कोणी करून घेतला, तर तो मात्र दूर केला पाहिजे. नेदरलँड्समध्ये प्रवेशबंदीच्या फलकाखाली ‘सायकली वगळून’ अशा अर्थाची पाटी लावलेली सर्रास आढळते. जर्मनीने १९९७ साली आपल्या रहदारी-नियमांत बदल करून, कमी वेगाच्या एकेरी रस्त्यांवर सायकलींना दोन्ही दिशांनी मुभा देण्याचा प्रयोग सुरू केला आणि अनुभव घेऊन तो कायम केला. बेल्जियममध्ये २००४ पासून पुरेशा रुंद एकेरी रस्त्यांवर ही मुभा हाच नियम आणि मनाई हा अपवाद ठरला. फ्रान्सने २००८ च्या फर्मानाने ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेच्या विभागांत तोच मार्ग धरला. तेथे उलट दिशेची सायकल अनर्थकारी का ठरली नाही, याचे उत्तर पूर्वी सांगितलेल्या अपेक्षेतच आहे. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पाटी असते, जमिनीवर सायकलीचे चिन्ह रंगवलेले असते, त्यामुळे आडव्या रस्त्याने येणारा चालक दोन्हीकडे पाहतो. वेगही बहुधा मुळातच ३० च्या आत असतो. आणि कडेला उभ्या मोटारीचे दार उघडणाऱ्या चालकाला समोरून येणारा स्वार पाठीमागून येणाऱ्यापेक्षा अधिक सहज दिसतो. दिशा तीच, शरीर तेच, वाहन तेच. पण एके ठिकाणी सर्वांनी मिळून दिलेली परवानगी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एकट्याने घेतलेली मोकळीक.

हा मार्ग आपल्याला असाध्य आहे असे मला वाटत नाही. पुण्याच्या पेठांत असे कितीतरी एकेरी बोळ आहेत की जेथे मोटार ताशी २० किलोमीटरनेही जाऊ शकत नाही. तेथे पाटी, रंग आणि चौकातला एक समजूतदार पोलीस एवढ्या सामग्रीवर सायकलींना दोन्ही दिशांची मुभा देऊन पाहता येईल. फर्ग्युसन कॉलेज रस्ता आणि जंगली महाराज रस्ता यांच्यासारख्या रुंद व वेगवान एकेरी रस्त्यांवर मात्र नुसती पाटी लावणे धोक्याचे ठरेल; तेथे उलट दिशेसाठी कठड्याने विभागलेला स्वतंत्र मार्गच हवा. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल-मार्गांच्या आखणीचे मानक १९६२ सालीच काढले आणि २०१५ साली ते सुधारले. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली शहरासाठी सायकल आराखडाही संमत केला. तेव्हा ज्ञान नाही, तजवीज नाही, असे म्हणण्यास जागा नाही. कागदावरचा मार्ग जमिनीवर उतरत नाही, उतरला तर त्यावर दुचाक्या उभ्या राहतात आणि तो मध्येच एखाद्या विजेच्या खांबापाशी संपतो, ही खरी अडचण आहे. अशा मार्गावरून हुसकलेला सायकलवाला उलट्या बाजूला गेला, तर त्या कसुराचा वाटा त्याच्या एकट्याच्या पदरी घालणे मला न्याय्य वाटत नाही.

ही तजवीज होईपर्यंत मात्र, बाबांनो, डावी बाजू सोडू नका. वळसा फार लांबचा असेल तर सायकलीवरून उतरा आणि फुटपाथवरून ती हाताने ढकलत न्या. उतरून चालणारा मनुष्य पादचारी आहे, आणि फुटपाथवर त्याला मज्जाव नाही. मागच्या मडगार्डवर लाल दिवा नसेल तर आजच बसवून घ्या. आणि शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी जी सायकल मिळते, ती मुलीच्या हाती देताना मुख्याध्यापकांनी एक दुपार शाळेच्या आवारात खडूने रस्ता आखून, चालकाची नजर कोणीकडे असते आणि डावी कड का धरायची, हे तिला प्रत्यक्ष चालवून दाखवावे. या दुपारसाठी कोणत्याही खात्याच्या मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.